शेवटच्या फॉर्मातली दोन पानं

"लेखक, तुमचा गडी पाण्यात पडला की हो," तातोबा म्हणाला. "त्यो वर येतोय का न्हाई, तेवढं सांगा आन मग जावा."

मी छापखान्याच्या दारात सायकलचं कुलूप काढत होतो. तातोबा चौगुले उंबऱ्यात उभा होता. बोटं शाईनं काळी, कानावर पेन्सिल, आणि चष्मा कपाळावर चढवलेला. शिरगुप्प्यांच्या छापखान्यात गेली तीस वर्षं तो शिशाचे खिळे जुळवत होता आणि जुळवता जुळवता वाचत होता. माझ्या प्रत्येक कादंबरीचा पहिला वाचक तोच.

"येतो वर," मी म्हणालो. "पण पुढच्या फॉर्मात."

"म्हंजी गुरवारपातुर त्यो पाण्यातच?"

"पाण्यातच."

"गार लागंल की त्याला," असं म्हणून तातोबा आत गेला. जाता जाता ओरडला, "बाई, त्यो गुरवारपातुर वर येत न्हाई म्हनत्यात."

आतून कागदाच्या रिमांच्या आडून आवाज आला, "मग त्याला गुरुवारी सर्दी झालेली दाखवा म्हणावं."

मी हसलो. सबंध आठवड्यात मी हसलो असेन ते तेवढंच.

ही एकोणीसशे सदुसष्ट सालची गोष्ट. कोल्हापुरात भूमापनाच्या कचेरीत मी नकाशांच्या नकला काढायचं काम करत होतो. सकाळी सहा ते नऊ आणि कचेरी सुटल्यावर कादंबऱ्या लिहीत होतो. कादंबऱ्यांवर माझं नाव नसे. 'कप्तान विक्रम' नावाचा एक बनावट दर्यावर्दी भूपालअण्णा शिरगुप्प्यांनी तयार केला होता, आणि त्याच्या टोपीखाली आम्ही तिघं जण आळीपाळीनं शिरत होतो. माझ्या वाट्याला समुद्र आला होता. गलबतं, चाचे, तुफान, निर्जन बेटं, आणि डेकवर केस मोकळे सोडून उभी असलेली सरदारकन्या. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. पंचगंगेचा पूर पाहिला होता. त्यात मीठ घातलं की माझं काम भागत असे.

आई-वडील गेलेले, बहीण हुबळीला दिलेली. मंगळवार पेठेत एक खोली होती आणि कोपऱ्यावर खाणावळ होती. रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद. त्या दिवशी माझं तोंड चहा पिण्यापुरतं उघडायचं आणि मिटायचं. सोमवारी कचेरीत पहिलं वाक्य बोलताना आवाज फाटायचा, घसा खाकरून घ्यावा लागायचा. मला वाटायचं, असंच असतं सगळ्यांचं.

शिरगुप्प्यांच्या छापखान्याची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं बसतात, त्याला फॉर्म म्हणतात. कादंबरी आठ फॉर्मांची, म्हणजे एकशेअठ्ठावीस पानांची. अण्णांकडे खिळे होते ते जेमतेम एका फॉर्मापुरते. एक फॉर्म जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढचा फॉर्म जुळवायचा. त्यामुळे आम्ही लिहायचो तेही फॉर्माफॉर्मानं. तिसरा लिहायला घेताना दुसरा छापून, घडी घालून, सुतळीनं बांधून पडलेला असे. एकदा छापलं ते छापलं. नायकाला चुकून काणा केला, तर शेवटपर्यंत काणाच ठेवावा लागे.

अण्णांचे नियम दोन. पहिला, "सोळावं पान वाचून माणूस जेवायला उठता कामा नये." म्हणून दर सोळाव्या पानावर कोणी तरी पाण्यात पडे, नाही तर दारावर थाप पडे, नाही तर बुरखा निघे आणि आतला चेहरा पुढच्या फॉर्मात दिसे. दुसरा नियम, "ती दोघं भेटली की पुस्तक मेलं." म्हणून नायक-नायिकांना आम्ही सात फॉर्म एकमेकांपासून लांब ठेवायचो. कधी शपथ, कधी खोटं पत्र, कधी वेषांतर. या कामात मी तिघांत सगळ्यांत तरबेज होतो. अण्णा म्हणायचे, "हेर्लेकरासारखं ताणावं कुणी. रबर तुटेल पण हेर्लेकर सोडायचा नाही."

एक तिसरी व्यवस्था माझी मीच करून ठेवली होती. शेवटच्या फॉर्मात मजकूर जास्त झाला, तर दोन-चार पानांसाठी नववा फॉर्म कोण छापणार? तेव्हा मी पहिल्या कादंबरीलाच सांगून टाकलं होतं, "जास्त होईल ते वाळवेकरबाईंनी बघून काढावं. मला विचारायची गरज नाही."

वाळवेकरबाई म्हणजे रिमांच्या आडचा तो आवाज. कुमुदिनी वाळवेकर. प्रूफं तपासायला होती. वय असेल सव्वीस-सत्तावीस, शिक्षकाची मुलगी, मॅट्रिकला संस्कृतात पहिली आलेली. तिच्यासमोर लाल शाईची दौत असे आणि त्या शाईला माणूस लहानमोठा कळत नसे. पहिल्याच कादंबरीच्या वेळी तिनं मला बोलावून घेतलं होतं.

"हेर्लेकर, हा तुमचा माणूस नवव्या पानावर डाव्या खांद्याला जखमी झालाय. अकराव्या पानावर त्याच खांद्यावर तिला उचलून घेतोय. कसा?"

"प्रेमानं," मी म्हणालो.

"प्रेमानं उचलता येईल. हाड नाही जुळत."

मी खांदा बदलला. तिथून पुढं तीन वर्षं आणि सात कादंबऱ्या मी फॉर्म पोहोचवायला आणि प्रूफ न्यायला स्वतः जात राहिलो. कचेरीतल्या शिपायाच्या हाती सहज पाठवता आला असता. तिच्या टेबलासमोर एक मोडकं स्टूल होतं. त्यावर मी अर्धा तास बसायचो, आणि त्या अर्ध्या तासावर माझा आठवडा निघायचा. हे मला तेव्हाही कळत होतं. उगाच कळत नव्हतं म्हणणार नाही.

अडचण म्हणाल तर कसली नव्हती. गोत्रसुद्धा आडवं येत नव्हतं, मी हळूच चौकशी करून ठेवली होती. फक्त तोंड उघडायचं बाकी होतं.

आठव्या कादंबरीचं नाव 'कांचनद्वीपाचा कैदी'. पहिल्या फॉर्मात जो पाण्यात पडला तो रणजित. सरदाराचा मुलगा, पण खलाशाच्या वेषात चंद्रप्रभेच्या बापाच्या गलबतावर राबत असतो. तिच्यावर जीव आहे पण सांगत नाही. दुसऱ्या फॉर्मात वर आला. तिसऱ्यात वादळ. चौथ्याचं प्रूफ तपासताना कुमुदिनीनं लेखणी खाली ठेवली.

"हा बोलत का नाही?"

"शपथ आहे त्याला."

"शपथ कुणी घातली?"

"वडिलांनी. मरताना. तिसऱ्या फॉर्मात आहे."

"आहे. पण ते वडील दुसऱ्या फॉर्मात म्हणतात, मनात असेल ते बोलून टाकावं, दर्या कुणासाठी थांबत नाही. मग हेच गृहस्थ मरताना गप्प राहायची शपथ कशी घालतील?"

मी तर ते विसरूनच गेलो होतो. "बरं, शपथ राहू द्या. पाचव्यात एक खोटं पत्र घालतो. चंद्रप्रभेचं लग्न ठरलंय असं त्यात लिहिलेलं असेल."

"मग त्यानं जाऊन तिला विचारावं. गलबत केवढं? पन्नास हात. चालत गेला तरी पोहोचेल."

तिकडून तातोबा म्हणाला, "बाईंचं बरोबर हाय. पन्नास हात काय लांब न्हाई."

"अहो, त्यानं विचारलं तर कादंबरी पाचव्या फॉर्मात संपते," मी म्हणालो. "वाचक कशासाठी वाचतो? आता बोलेल, मग बोलेल, म्हणूनच वाचतो. जितकं ताणावं तितकी शेवटी गोडी. हे तंत्र आहे, बाई."

"तंत्र वाचकासाठी ठीक आहे," ती म्हणाली. "तिचं काय? ती तर पुस्तक वाचत नाहीये. ती नुसती डेकवर उभी आहे."

यावर मी काही तरी हुशारीचं बोललो. काय ते आता आठवत नाही, हेच बरं.

पाचवा फॉर्म घेऊन गेलो तेव्हा तातोबा जेवायला गेला होता आणि मशीन बंद होतं. मशीन बंद असलं की तिथं इतकं शांत व्हायचं की तिच्या लेखणीचा आवाज ऐकू यायचा. मी स्टुलावर बसलो. तिनं फॉर्म घेतला, पण उघडला नाही.

"मिरजेचं एक स्थळ आलंय," ती म्हणाली. "मुलगा रेल्वेत आहे. बिजवर नाही, काही नाही. चांगला आहे. बाबांना पसंत आहे."

"आणि तुम्हाला?"

"मला नापसंत करण्यासारखं काही नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मध्यस्थ उत्तर न्यायला येणार आहेत." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा म्हणतात, तुझ्या मनात दुसरं काही असेल तर आत्ता सांग. आता मी काय सांगू? समोरून कुणी काही बोललं असतं तर सांगता आलं असतं."

एका मुलीनं सदुसष्ट साली, उघड्या दाराच्या छापखान्यात, याहून जास्त काय बोलायचं? इथं कोणीही शहाणा माणूस उठून उभा राहिला असता. मला मात्र काय सुचलं ते ऐका. मला कादंबरी सुचली. एका क्षणात सबंध आठवा फॉर्म डोळ्यांपुढं उभा राहिला. रणजित वेष टाकून चंद्रप्रभेसमोर उभा राहतो आणि सात फॉर्म दाबून धरलेलं सगळं बोलतो, आणि ते प्रूफ सगळ्यांत आधी कुमुदिनी वाळवेकर वाचते. वाचता वाचता तिला कळतं की हे रणजित बोलत नाही. असं मागणं महाराष्ट्रात कुणी घातलं नसेल असं मला वाटलं, आणि मी अक्षरशः खूश झालो.

"शेवटचा फॉर्म वाचा," मी म्हणालो. "मग काय ते ठरवा."

"शेवटच्या फॉर्मात काय आहे?"

"ते आधी सांगितलं तर वाचाल कशाला?"

मग तिनं दौतीचं झाकण काढलं आणि पाचवा फॉर्म उघडला. माझ्या त्या वाक्याचा मला घरी जाईपर्यंत अभिमान वाटत होता.

सहावा आणि सातवा फॉर्म मी भराभर लिहून दिले. आठवा मात्र सावकाश लिहिला. त्यातली शेवटची दोन पानं सगळ्यांत आधी लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं लिहीत होतो. रणजित तिला सांगतो की धर्मशाळेच्या एका खोलीत मी इतकी वर्षं राहिलो, आठवड्यातून एक दिवस असा यायचा की त्या दिवशी माझा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा नाही. खलाशाच्या तोंडी मंगळवार पेठ कशी घालणार, म्हणून धर्मशाळा घातली. तो सांगतो की माझ्या चुका तुझ्याखेरीज कुणी बघितल्या नाहीत, कारण माझ्याकडे इतकं नीट कुणी बघितलंच नाही. तू चूक दाखवलीस की मला घरी आल्यासारखं वाटायचं. म्हणून मी काही चुका मुद्दाम करत होतो. हे तर अगदी खरं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कादंबरीतल्या निम्म्या चुका मी हौसेनं केल्या होत्या.

ही दोन पानं लिहून झाल्यावर मला वाटलं, इतका मोठा क्षण असा लगेच येऊन चालणार नाही. त्याआधी थोडं ताणायला पाहिजे. म्हणून एक द्वंद्व घातलं. मग एक वादळ घातलं. खलनायकाला मरण्यापूर्वी दीड पान बोलू दिलं. एरवी मी ओळी मोजून लिहीत असे, त्या वेळी मोजल्या नाहीत.

आणि लिहून झाल्यावरही फॉर्म दिला नाही. मंगळवारी द्यायचा होता. बुधवारी मी रिकाम्या हातानं गेलो.

"लेखक, खिळं रिकामं पडल्यात," तातोबा म्हणाला. "अण्णा माझ्या नावानं शंख कराय लागल्यात."

"येईल, येईल."

रिमांच्या आडून कुमुदिनी बाहेर आली. "हेर्लेकर, शेवटचा फॉर्म?"

"येईल."

"सोमवार आलाय जवळ."

"माहीत आहे," मी म्हणालो आणि हसलो. ते हसू मला अजून आठवतं. कोणाला तरी सुंदर वस्तू देणार आहोत आणि ती पाठीमागं लपवली आहे, असं हसू. तिचा चेहरा उतरलेला होता, तो मला दिसला. मी मनात म्हटलं, उतरू दे, शनिवारी किती फुलेल. वाचकाचं मी हेच करत आलो होतो.

शुक्रवारी संध्याकाळी फॉर्म तातोबाच्या हातात दिला आणि बजावलं, "उद्याच्या उद्या जुळवून बाईंना प्रूफ द्या. मी सोमवारीच येईन." शनिवारी, रविवारी मी तिकडं फिरकलो नाही. ती एकटीनं वाचेल, हे मला हवं होतं. रविवारी मी न्हाव्याकडे जाऊन आलो, सदऱ्याला इस्त्री करून घेतली. संध्याकाळी खोलीत बसून मोठ्यानं एक-दोन वाक्यं बोलून बघितली. आवाज फाटला नाही.

सोमवारी दुपारी साडेतीनच्या चहाच्या सुट्टीत छापखान्यात गेलो. तिची खुर्ची रिकामी होती. मशीन चालू होतं आणि तातोबा छापलेले कागद उचलून उजेडाकडे धरून बघत होता.

"बाई आज यायच्या न्हाईत. घरला पावणं हाईत सांच्याला," तो म्हणाला. "हे बगा, आठवा. झ्याक उतरलाय."

मी कागद घेतला. शेवटचं पान शोधलं. वादळ ओसरतं, खलनायक मरतो, चंद्रप्रभा धक्क्यावर उभी असते. रणजित तिच्याकडे बघतो, शिडाचा दोर सोडतो, आणि गलबत निघतं. "त्याने मागे वळून पाहिले नाही." समाप्त.

"पुढची दोन पानं कुठायत?"

"जास्त हुती की. तुमीच सांगितलंय न्हवं, जास्त हुईल ते बाईंनी काढावं म्हनून? मी बाईंना म्हनलं, ह्ये वादळ काढा, द्वंद्व काढा, भाराभर हाय. बाई म्हनल्या, बगते. सगळं हस्तलिखित घिऊन बसल्या. ही दोन पानं लई येळ वाचत हुत्या. मी च्या सांगितला, त्योबी गार झाला." तातोबा मशीनवरून नजर न काढता बोलत होता. "मग हीच काढली, आन शेवटाला दोन वळी सोताच्या लिवून दिल्या."

"कुठायत ती?"

त्यानं खणातून माझे दोन फुलस्केप काढून दिले. दोन्हींवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक-एक लाल रेघ होती, पट्टी लावून मारावी तशी सरळ. खाली समासात तिच्या बारीक अक्षरात शेरा होता. "हे त्याने पाचव्या फॉर्मात सांगायला हवे होते. तिने विचारले होते. आता हे भाषण वाटते. काढले. कु. वा."

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा, खरं सांगतो, लेखक म्हणून वाचलं, आणि तिचं म्हणणं मला पटलं.

पटलं ते बरोबरही होतं. 'कांचनद्वीपाचा कैदी' माझ्या सगळ्या कादंबऱ्यांत जास्त चालली. वाचनालयांतून प्रती फाटून जायच्या, अण्णा पुन्हा छापायचे. न बोलता निघून जाणाऱ्या रणजितबद्दल कप्तान विक्रमला पुढं कित्येक वर्षं पत्रं येत होती. बायका लिहायच्या की शेवटी आम्ही रडलो. एका गृहस्थानं लिहिलं होतं की एवढा संयम फक्त थोर लेखकालाच जमतो. त्या पत्रांचं मी काय करायचं, हे मला कधीच समजलं नाही.

तातोबानं मशीन थांबवलं. "लेखक," तो म्हणाला, "मी अडाणी मानूस. पर तीस वर्सं वाचतोय. त्या दोन पानांत खलाशी न्हवता. व्हय का न्हाई?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग हतं काय करताय? सायकल हाय न्हवं?"

वाळवेकर गुरुजींचं घर शुक्रवार पेठेत होतं. पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. कचेरीत परत जायला हवं होतं, ते गेलं. गुरुजी धोतराचा सोगा सावरत दारात आले. मी नाव सांगितलं तसे खुलले.

"म्हणजे कप्तान विक्रम! या, या. बसा. कुमुद, कोण आलंय बघ. चहा टाक." मला खुर्ची देऊन ते झोपाळ्यावर बसले. "तुमचा मी जुना वाचक बरं का. कुमुद कच्ची प्रूफं घरी आणते, मला वाचून दाखवते. परवा शेवट ऐकला. मी म्हटलं, अगं, हा बोलत कसा नाही? सगळी संकटं टळली, बाप राजी आहे, पोरगी समोर उभी आहे. आता काय आडवं आलं?"

"मग?" मी विचारलं.

"मग ही म्हणाली, बाबा, तो असाच आहे." गुरुजी हसले. "मला नाही पटलं. पण तुम्ही लेखक, तुम्हाला जास्त कळतं."

कुमुदिनी चहा घेऊन आली. हिरव्या काठाचं लुगडं, केसांत अबोली. छापखान्यात तिनं कधी फूल माळलेलं मी पाहिलं नव्हतं. तिनं कप माझ्या हातात दिला आणि दाराला टेकून उभी राहिली. गुरुजी मिरजेच्या मुलाबद्दल सांगू लागले. मुलगा निर्व्यसनी आहे, घर मोठं आहे, पाचला मध्यस्थ येतील. मी चहा पीत "हो, हो" म्हणत होतो. मग आतून कुणी तरी गुरुजींना हाक मारली आणि ते उठून गेले.

मी कप खाली ठेवला. उठून ओट्यावर आलो. ती मागोमाग आली.

"कामाचं काही होतं का?"

"ती दोन पानं..."

"जास्त होती."

"हो."

"वाचली मी," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "सगळी वाचली. तीनदा. रणजितचं बोलणं मला कळलं, हेर्लेकर. पण चंद्रप्रभेचं उत्तर तुम्हीच लिहून टाकलंय त्यात. तिनं काय म्हणायचं, कधी रडायचं, सगळं. मला कशाला विचारताय मग?" ती थांबली. "ते जाऊ द्या. लिहिलेलं राहू द्या. तुम्हाला बोलायचंय का काही? मी उभी आहे."

आत गुरुजींचा आवाज येत होता. ते बैठकीची चादर कुठं आहे म्हणून विचारत होते. मला दोन शब्द बोलायचे होते, फार तर चार. पोरंसोरंही बोलतात. मी तोंड उघडलं. आणि जे ओठांवर यायचं ते त्या दोन पानांतलंच यायचं. धर्मशाळा, आवाज, चुका. सगळं रणजितचं होऊन बसलं होतं. माझ्याजवळ होतं नव्हतं ते मी त्याला देऊन टाकलं होतं आणि माझ्यासाठी एक साधं वाक्यसुद्धा शिल्लक ठेवलं नव्हतं. ती वाट बघत होती. मला तिची वाट बघणं दिसत होतं. अजून एक क्षण, मग बोलतो, असं मी मनात म्हणत होतो. तसं म्हणत म्हणत किती वेळ गेला कोण जाणे.

"शेवट चांगला केलात तुम्ही," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. डोळे भरले होते का ते मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होतो.

"मग राहू द्या तसाच," ती म्हणाली आणि आत गेली.

मी सायकल हातात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. तिथून पुढं कुठं जायचं ते सुचेना, म्हणून उभा राहिलो. कचेरी सुटायची वेळ झाली होती, खोलीवर जाऊन करायचं काही नव्हतं. आता परत फिरावं असं वाटत होतं. पन्नास पावलंसुद्धा नव्हती. मी हँडल दोनदा वळवलं आणि दोनदा सरळ केलं.

पाचाच्या सुमाराला एक टांगा थांबला. काळी टोपी, कोट, हातात छत्री असलेले एक गृहस्थ उतरले. इकडंतिकडं बघून माझ्याकडे आले.

"अहो, वाळवेकर गुरुजींचं घर कुठलं हो?"

"डाव्या हाताचं तिसरं," मी म्हणालो. "ओट्यावर तुळशीची कुंडी आहे, दार उघडंच असेल. तुमचीच वाट बघतायत."

मी स्पष्ट बोललो. एकदाही अडखळलो नाही.